बारा तिरंदाज आणि व्याह्यांचे फासे

रवि., ११ जाने.
आजही हरलो. रामटेकेंच्या बारा तिरंदाजांनी एका खेपेत माझे चार भालेवाले झोपवले. चार! मान्य की इंचभर प्लॅस्टिकचे शिपाई आहेत, जावयानं, नितीननं, रंगवलेले. तो बिलासपूरला ड्युटीवर, आणि आम्ही दोघे म्हातारे व्याही (इकडं इवाई म्हणतात) दर रविवारी तेलीबांध्याला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्याची लढाई खेळतो. तरी चार फार झाले.
फासे टाकले की रामटेके म्हणतात, "उचला इवाई, तुमची माणसं." आणि मिशीत हसतात.
वैशाली, माझी पोरगी, चहा ठेवून गेली. बसली नाही. आधी बसायची, माझ्या बाजूनं सासऱ्याशी भांडायची.

सोम., १२ जाने.
गणित मांडलं. दहावी नापास, पण भनपुरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो, अपूर्णांकाला भीत नाही. बाकीचं मोबाइलवर पाहून पाहून शिकलो.
बारा बाण, बारा फासे. बाण लागायला चार, पाच किंवा सहा पाहिजे, म्हणजे निम्मे: सहा. जखम व्हायला पाच किंवा सहा, म्हणजे तिसरा हिस्सा: दोन. मग चिलखतासाठी फासे टाकतो मी, त्यात निम्मे वाचतात. उरला एक.
खेपेला सरासरी एक माणूस पडावा. पाडतात चार. कुठंतरी पाणी मुरून राहिलं.
पुढच्या रविवारपासून त्यांच्या तिरंदाजांची नोंद. कोणाजवळ बोलायचं नाही.

रवि., १८ जाने.
पाच नोंदी. मेले २, १, ३, १, २. म्हणजे नऊ. पाच पाहिजे होते.
वही पाहून रामटेकेंनी विचारलं, काय लिहून राहिले? बीपीच्या गोळ्या म्हटलं.

मंगळ., २० जाने.
खरं लिहायला काय जातं. मले हरण्याचं दुःख नाही.
दिवाळीत वै.नं लॅबची नोकरी सोडली. सात वर्षं रक्त तपासायची, तिच्या हातची सुई पोरांना कळत नव्हती म्हणत. मले तिनं सांगितलं नाही, सांगितलं रामटेकेंनी. "तिनं तिच्या मर्जीनं सोडली, इवाई. आमच्याकडून कोणी शब्द काढला नाही." फोन केला की वै. म्हणते, "सब ठीक है, बाबा." पोट्टीला मराठी चांगली येते. पण काही झाकायचं असलं की हिंदीत घुसते, लहानपणापासून.
म्हणून फासे मोजतो. जो माणूस माझ्या डोळ्यांपुढं टेबलावर लबाडी करत असेल, त्याच्या त्या 'मर्जीनं'चं काय धरायचं?
सरळ विचारायचं तर मुलीचा बाप पडलो. "तुम्ही खोटं बोलून राहिले" म्हणून मी उठून घरी येईन. तिले तिथंच राहायचं आहे.

रवि., २५ जाने.
आज त्यांचा हात पाहिला. मुठीत तीनदा हलवतात, टेबलाजवळ नेऊन सोडतात. फासे फार लोळत नाहीत. हे बरोबर नाही.
पाच नोंदी, आठ मेले.
निघताना त्यांचा एक फासा माझ्या खिशात आला. आला म्हणजे आणला.

सोम., २६ जाने.
स्टीलच्या गंजात (पातेल्यात) पाणी, त्यात मीठ, विरघळेनासं होईस्तोवर. मग फासा तरंगतो. एका बाजूनं जड असला तर दर वेळी तेच तोंड वर येतं. दहा वेळा बुडवला. पाच, दोन, सहा, एक, दोन... काही ठरलेलं नाही. म्हणजे हा सरळ.
बायको, कुसुम, तिवऱ्याची भाजी निवडत बसली होती. म्हणाली, इवायाचा फासा चोरला तुम्ही?
"तपासाले आणला."
"मग परत करताना काय सांगाल? पाहुणचार करून पाठवला?"
आणि भाजीसाठी ठेवलेलं मीठ संपवलं म्हणून वेगळं ऐकवलं.
हा एक सरळ आहे. बाकीचे अकरा?

रवि., १ फेब्रु.
वाईट झालं. रामटेके फासे मोजून राहिले, अकराच. टेबलाखाली पाहिलं, डब्यात पाहिलं. मग आत आवाज दिला, "वैशाली, पोछा लावताना सरकवला असशील कुठं, पाह्य बरं बेटा." आवाज चढा नव्हता. पण नाव तिचंच निघालं.
वै. मोबाइलचा टॉर्च लावून दिवाणाखाली आडवी झाली. "सॉरी पापा, देखती हूँ." केसांना जाळं लागलं. आणि फासा माझ्या खिशात, मांडीला टोचून राहिला. तेव्हाच काढायला पाहिजे होता. पाण्याला जातो म्हणून उठलो, चपलांच्या स्टँडजवळ सोडला, तिथंच सापडल्याचं सोंग केलं.
वै.नं माझ्याकडं पाहिलं. काय कळलं तिले, कोण जाणे.
सहा नोंदी, नऊ मेले. चोराच्या मनात चांदणं, तरी नोंद ठेवतोच आहे. आणि पहिला संशय तिच्यावरच कसा गेला त्यांचा? रोजचंच असं आहे का?

रवि., ८ फेब्रु.
पाच नोंदी, सात मेले.
वहीच्या मागच्या पानावर वै.चं लिहिणं सुरू केलं. डोळे लाल (कांदा म्हणते). मंगळवारी फोन मधेच कापला. आज शिळी पोळी खाताना दिसली, आमच्यासाठी ताज्या. कुसुमला दाखवलं नाही.

रवि., १५ फेब्रु.
पाच नोंदी, आठ मेले.
पाच रविवार झाले. सव्वीस नोंदी, एक्केचाळीस मेले. सव्वीस पाहिजे होते. पंधरा माणसं जास्तीची. एखाद दिवशी नशीब, पाच रविवार नशीब कसं?
पुढच्या रविवारी वही समोर ठेवणार. आधी फाशांचं विचारीन, मग नोकरीचं. होऊ द्या काय होते ते.

गुरु., १९ फेब्रु.
वही कुसुमच्या हाती लागली. शोधायला तिले कधी वेळ लागत नाही. चष्मा लावून अख्खी वाचली, मागचं पान सोडून (तिथवर गेली नसावी). मग विचारते, एका डावात किती खेपा असतात?
आठ, म्हटलं.
"अन् ते तिरंदाज दर खेपेला बाण मारतात?"
हव. टेकडीवर बसले आहेत, माझे लोक कधी पोहोचतच नाहीत तिथवर.
"मग पाच रविवारच्या चाळीस झाल्या. तुमच्या वहीत सव्वीसच काहून?"
बोटांवर मोजलं. मग उजेड पडला. बाकी चौदा खेपांत कोणी मेलंच नाही! बाण आले, गेले, मी शिपाई उचलला नाही, म्हणून लिहिलंही नाही.
पस्तीस वर्षांची खोड. कारखान्यात बिघाडाच्या रजिस्टरमध्ये बिघाडच चढवायचा. मशीन नीट चालली त्या दिवसाला ओळ नाही. रजिस्टर वाचणाऱ्याला वाटावं, ही मशीन कधी चाललीच नाही.
चाळीस खेपा, एक्केचाळीस मेले. पाहिजे होते चाळीस. रामटेकेंचे फासे सोन्यासारखे सरळ.
कुसुम म्हणाली, चोर म्हणून बसले असते तर? आणि उठून कुकर लावायला गेली.

शुक्र., २० फेब्रु.
मागचं पान परत वाचलं. तिथंही तेच केलंय मी. लाल डोळे लिहिले, साधे डोळे नाही. कापलेला फोन लिहिला, अर्धा तास गप्पा झाल्या तो नाही. शिळी पोळी तर मी आपल्या घरीही रोज खातो.
तरी सुटत नाही मनातून. शितावरून भाताची परीक्षा फाशांना चालत नाही, चाळीस शितं पाहिजेत, हे कळलं. पण पोरीला चाळीस दिवस चांगले गेले आणि एकच वाईट, तर बापानं सरासरी काढून निजायचं का?

रवि., २२ फेब्रु.
वही घरी ठेवली. डाव जिंकलो. त्यांचे बाण तीन खेपा फुकट गेले, मीच हळहळलो.
आवरताना रामटेके हळूच म्हणाले, "इवाई, आज गोळ्या नाही लिहिल्या?"
मी म्हटलं, बीपी उतरलं.
"उतरू द्या. पण आमचं तपासून झालं असलं तर सांगून द्या, म्हणजे आम्हीही बिनघोर."
हसत होते. फाशांचं म्हणाले की दुसऱ्या कशाचं, चेहऱ्यावरून कळलं नाही. फासे सरळ म्हणून माणूस सरळ, असं कुठं लिहिलं आहे. मीही हसलो. नोकरीचं काही विचारलं नाही.

बुध., २५ फेब्रु.
आज न सांगता गेलो, सकाळी अकराला. बुधवारी रामटेके गुडघ्याच्या शेकाला जातात, ते माहीत होतं. हे काही बापाचं वागणं नाही, पण गेलो.
वै.नं दार उघडलं, घाबरली. "आई ठीक तो है ना?" ठीक म्हटलं. पाणी दिलं, समोर बसली. किती दिवसांनी बसली.
आधी फाशाचं कबूल केलं. म्हणाली, "मले माहीत होतं, बाबा. स्टँडजवळ मी दोनदा पाहिलं होतं." मराठीत म्हणाली.
मग विचारलं. नोकरी तू सोडली, का सोडवली?
गॅसवर दूध ठेवलेलं होतं. दूध उतू जायला आलं, उठून बंद केलं, तिथूनच बोलली.
"मीच सोडली. पापा खोटं नाही बोलले. पापांचं पथ्यपाणी, घर, वरून लॅब, होऊन नाही राहिलं होतं. एक दिवस टेबलावर म्हटलं, सोडून देते. वाटलं, कोणीतरी म्हणेल, काहून सोडतेस, आम्ही पाहतो घराचं. कोणी नाही म्हणालं. पापा नाही, नितीन नाही."
मग म्हणाली, "तुम्हाले पापांनी सांगितलं तेव्हा तुम्हीही बरं झालं म्हणाले. मी आत होते."
म्हणालो होतो. बरं झालं, पोरीला आराम. हेच शब्द. चार महिने त्यांच्या शब्दांची झडती घेतली, माझ्या दोन शब्दांकडं पाहिलंही नाही.
लॅबवाल्यांचा परत फोन आला आहे. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं. नितीनले सांगितलं, तो म्हणे पापांना विचार. पापांना विचारलं नाही. कसं विचारू, म्हणते.
मी म्हटलं, रविवारी मी बोलतो.
"काय बोलाल, बाबा? ते चिढले तर?"
तिले म्हटलं, पाहू. जिना उतरताना खाली रामटेके भेटले, रिक्षातून उतरत होते, गुडघा धरून. मले तिथं पाहून थबकले. चांगला वेळ पाहत राहिले माझ्याकडं, जसा मी इतके रविवार त्यांच्या हाताकडं पाहत होतो.
"आज कसे काय, इवाई?"
तोंडाशी आलं होतं. म्हटलं, असाच आलो होतो. हात दिला, तीन पायऱ्या चढवल्या. चौथ्या पायरीवर त्यांनी तेच परत विचारलं. मग नोकरीचं काढलंच.