सहाव्या दिवसाचा फॉर्म

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी अंबरनाथकर! शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर घरमालकीण माईंच्या घरात वरची खोली मिळाली. भरपूर पाणी, खिडकीत जास्वंद, आणि आल्या आल्या गरम पोहे. पोह्यांबरोबर माईंनी माझी सगळी कुंडली काढून घेतली, पण पोहे इतके छान होते की मी हूं की चूं केलं नाही.

नोकरी पूर्वेला, नवजात बाळांच्या दवाखान्यात, लॅब टेक्निशियनची. लॅब स्वयंपाकघराएवढीच, पण भिंतीत मोठी काच आहे आणि पलीकडे उबदार पेट्यांतली बाळं दिसतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं आतडं कधीकधी सुजतं, आणि सूज वाढली तर सडायलाच लागतं. कुणाचं औषधावर निभावेल आणि कुणाचं पोट उघडावं लागेल, हे रक्तावरून आधी कळेल का, याचा अभ्यास डॉ. श्यामकांत करताहेत. मी थेंबभर रक्त तपासायचं, सूज वाढली की चढणारं सीआरपी, उतरणाऱ्या प्लेटलेट अशा चार आकड्यांवरून शून्य ते दहा स्कोअर काढायचा, फॉर्मवर लिहायचा आणि पाकीट बंद करायचं. उपचार करणाऱ्यांनीही ते उघडायचं नाही. स्कोअर आठ म्हणजे जवळजवळ ऑपरेशनच. बाळांना अजून नावं नसतात, म्हणून फॉर्मवर छापलंय ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. काम माझ्या हाताला बसेल असं वाटतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

माझा स्वभाव संशयी आहे, असं सोहम लग्नापासून म्हणतोय. नाशिकला बसून नवऱ्याला काहीही बोलता येतं. आज त्या स्वभावाचा उपयोग झाला. फॉर्मवर क्रमांक असतात आणि गठ्ठ्यातला शेवटचा, एकेचाळीस नंबरचा, गायब होता. शोधत गेले तर तो चार नंबरच्या पेटीखालच्या फळीवर. कोरा, आणि वर एक पेन.

हे काम गोजरबाईंचं. त्या इथल्या जुन्या आया. घरी सहाव्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. पेटीतल्या बाळाला पाट कुठला? म्हणून गोजरबाई इथेच कागद ठेवतात. आज हाताला फॉर्म लागला. मला हसू आलं. “ऱ्हावंदे गं बाय, एवढा आजचा दिस,” त्या म्हणाल्या. मी राहू दिला.

त्या पेटीतलं बाळ उमाचं, आज सहा दिवसांचं. ती बदलापूर गावातली, शेतकरी घरातली. आधीची दोन गेली, हे तिसरं, अकराशे ग्रॅमचं. काचेला कपाळ टेकवून उभी असते. पाहवत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

उमाच्या बाळाचं पोट फुगलं. रक्ताचा नमुना माझ्याकडे आला, पण फॉर्म संपलेले, उल्हासनगरचा छापखानावाला उद्या येतो म्हणाला. मग काय, पेटीखालचा एकेचाळीस नंबरचा उचलला, पेनही तिथलंच. ‘बेबी ऑफ उमा’ लिहिलं. मशीन निम्मंच चाललं होतं, पहिल्या आकड्यावरून अंदाजाने तीन टाकले, चुकलं तर खोडू म्हणून. असं करू नये, मला माहीत आहे.

पूर्ण रिपोर्ट आला तेव्हा स्कोअर होता आठ. सीआरपी ६२, प्लेटलेट ४८ हजार. खोडायला पेन उचललं तोच पलीकडून सिस्टरची हाक, बाळाचं पोट मऊ पडलंय. पुन्हा रक्त घेतलं. चारही आकडे सौम्य, स्कोअर बरोब्बर तीन. मशीन बिघडलंय. उद्या इंजिनिअरला बोलावते.

८ नोव्हेंबर, शनिवार

मशीन ठणठणीत आहे.

शेजारच्या पाच नंबरच्या पेटीत मायाचं बाळ आहे. माया उल्हासनगरची, सिंधी, तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते. बाळ चांगलं दोन किलोचं, फक्त काविळीसाठी ठेवलेलं. आज त्याचं पोट टणक झालं. सीआरपी ६२. प्लेटलेट ४८ हजार. चारही आकडे उमाच्या बाळाचे, दशांशासकट. दोन बाळांचं रक्त असं जुळत नाही. कुणीतरी नमुने बदलतंय. डॉ. श्यामकांतना अभ्यास यशस्वी करून दाखवायचाय, दुसरं कोण?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मायाच्या बाळाचा नमुना मी स्वतः घेतला, बाटली मुठीतून सोडली नाही. तेच आकडे. डॉक्टरांवर उगाच आळ घेतला.

गोजरबाईंनी विचारलं, सहाव्या दिवसाचा कागद कुठे गेला. मी खरं ते सांगितलं. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, “तिच्या कागदावर तू लिवलंस. आता ती कशाला लिवंल?”

अडाणीपणा! असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

११ नोव्हेंबर

सकाळी टेबलावर एकेचाळीस नंबरचा फॉर्म. कोरा. जो मी भरून पाकिटात बंद केला होता तोच. वर तेच पेन. पाकीट उघडलं, आत काही नाही.

मायाच्या बाळाचं उद्या ऑपरेशन. मी दार लावून घेतलं आणि लिहिलं, बेबी ऑफ माया, तीन. तासाभरात पोट उतरलं.

दुपारी उमाचं बाळ हिरवं ओकलं. ६२. ४८ हजार.

आठ कुठे जातच नाही. फक्त पेटी बदलतो. मला भीती वाटतेय.

१२ नोव्हेंबर

फॉर्म पुन्हा कोरा. चौकट एकच, नाव एकच मावतं. उमाचं लिहिलं. दुपारी मायाच्या बाळाचं पोट वर आलं.

गोजरबाईंनी दोघींना सांगितलंय. नक्कीच. माया मिठाईचा डबा घेऊन आली, म्हणाली, “दीदी, मेरा भी लिहा ना.” उमा पूर्वी बाळाकडे बघत उभी असायची, आता या काचेतून माझ्या उजव्या हाताकडे बघते. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

मी हात टेबलाखाली ठेवते.

१३ नोव्हेंबर

सुचलं! ज्या बाईला मूलच नाही तिचं नाव लिहायचं. स्कोअर आठ. मग तो लागणार कुणाला? हवेला?

अशी बाई शोधायला लांब जायला नको. मीच आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, आणि तीन डॉक्टरांनी सांगितलंय, होणार नाही. त्या वाक्यावर मी इतकी रडलेय, निदान आज ते कामी आलं.

बेबी ऑफ, पुढे माझं नाव, आठ.

१५ नोव्हेंबर

दोघंही बरी! दोघंही दूध पचवताहेत. उमा पहिल्यांदा हसली. कोरा फॉर्म आला नाही. मी माईंना पेढे दिले, कशाचे ते सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळपासून मळमळ. पेढे बाधले म्हणावं तर आठवडा होत आला. पाळीची तारीख मोजली. दोनदा मोजली. नाही, असं नसतं —

दुपारी

दोन रेघा. लॅबमध्येच केली तपासणी. रक्ताचीही केली. आहे. मी आई —

सोहमला फोन लावला आणि कापला. काय सांगू? आठ मीच लिहिलाय. माझ्या हाताने.

२२ नोव्हेंबर

लाल दिसलं. थोडंसंच. थोडंसंच आहे.

टेबलावर फॉर्म. कोरा. पेन.

पाच वर्षं. माझंही पहिलंच आहे. तीन लिहिलं की थांबेल, पण आठ कुठे जाईल — निदान कुठे जावा ते मी — या वेळी दोन ओळी लिहीन, एक आठची, खाली माझी तीनची, चौकटीबाहेर लिहीन —

उमाचं नको. तिची दोन गेलीत.

माया तेवीसचीच आहे. तिला अजून होतील. होतीलच की. काचेपलीकडे बाळाला पाजतेय, वर बघून हसली माझ्याकडे —

बघू नको ना गं.

बेबी ऑफ मा