मावशीच्या टेबलावरून निघालेली वीस काडतुसं

वेल्डन क्रीक, मोंटाना
रविवार, ६ ऑक्टोबर २०१९

प्रिय डुएन,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. आम्ही नवरा-बायको बरे आहोत. मार्लिसने तुझी आठवण काढली आहे. डोंगरावर बर्फ दिसायला लागला आहे, खाली अजून नाही.

काल सकाळी मी नेमबाजी क्लबच्या शेडमध्ये जाऊन पितळी पुंगळ्यांचं पिंप जमिनीवर उपडं केलं. हल्ली आपल्याकडे लोक घरी कुठल्या कॅलिबरची काडतुसं जास्त भरतात, असं तू विचारलं होतंस. एका डोळ्याच्या माणसाने कुठून सुरुवात करावी, असंही. बावीस वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. अंदाजपंचे उत्तर द्यायचं नव्हतं. मैदानावर लोक टाकून जातात त्या रिकाम्या पुंगळ्या पिंपात जमा होतात. त्या मी गुडघे टेकून मापाप्रमाणे वेगळ्या केल्या. नऊ एमएमच्या तीन बादल्या भरल्या, टू-ट्वेंटी-थ्रीच्या दोन. बाकी सगळं मिळून अर्धी बादली. म्हटलं, झालं, हेच डुएनला कळवू.

तेवढ्यात दारात व्हर्नामावशी उभी.

"जमिनीवर काय शोधतोस? मार्लिसचं कानातलं पडलं का?"

मी सांगितलं. तिने बादल्यांकडे पाहिलं आणि हसली. "अरे शहाण्या, पुंगळी पुन्हा भरणारा माणूस ती इथे टाकून जाईल का? खिशात घालून घरी नेतो तो. हा सगळा दुकानातून आणणाऱ्यांचा कचरा. भरणारे काय भरतात ते बघायचं असेल तर पिंपात काय नाही ते बघ."

डुएन, तू लिहिलं होतंस की त्या बाईचं नाव पत्रात नको. माझा नाइलाज आहे. या खोऱ्यात काडतुसं भरणाऱ्या दहांतल्या नवांना तिने शिकवलं आहे. तिला वगळून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही.

तर पिंपात अडतीसची एकही पुंगळी नव्हती. ज्याच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे तो ती घरीच भरतो. सरळ नळीसारखी, स्वभावाने गरीब, नवशिक्याला सांभाळून घेते. पंचेचाळीसची पुंगळी उडून गवतात पडते, म्हणून म्हातारे पायाशी ताडपत्री अंथरतात आणि खेळ संपल्यावर तिची चारी टोकं धरून सगळं घरी नेतात. थ्री-ओ-एट आणि टू-सेव्हंटी शिकारवाल्यांची. तरुण पोरांची साडेसहाची क्रीडमूर. तिच्यावर मावशीचा राग आहे. म्हणते, "यांना हजार यार्डांवरचं हरीण मारायचंय, कारण नऊशे यार्ड चालायचा कंटाळा." नऊ एमएम आणि टू-ट्वेंटी-थ्री तर सगळीकडेच भरतात, कारण ती मुठीमुठीने उडतात. आपल्याकडे मात्र शेतात बिळं करणारे गोफर मारणारेच फक्त टू-ट्वेंटी-थ्री भरतात. बाकीचे आळशी.

"कोणासाठी विचारतोयस एवढं?" तिने विचारलं.

"डुएनसाठी."

तिने बादलीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अडतीसने सुरुवात कर म्हणावं. पुंगळीत डोकावलं की आतली बंदुकीची दारू दिसते. त्याला एक डोळा पुरेल. आणि टेबलावर दारूचा एकच डबा. एकच. दोन वेळा लिही."

मी एकदाच लिहितो आहे. तू चिडशील ते मला माहीत आहे.

ती आता एक्याऐंशीची आहे. मंगळवारी आणि गुरुवारी तिच्या गोठ्यामागच्या खोलीत अजून लोक शिकायला येतात. दारू मोजताना ती बोलत नाही, कोणाला बोलू देत नाही. फोन वाजला तर पुंगळीतली दारू परत डब्यात ओतते, फोनवर बोलून येते आणि पहिल्यापासून मोजते. मागे पाद्रीबाबांनी दारातूनच हाक मारली, तेव्हा तिने बोट वर करून त्यांना पाच मिनिटं थंडीत उभं केलं. दरसाल एक एल्क हरीण, एका काडतुसात. मांस निम्मं वाटून टाकते. मी तिच्याइतकी स्वच्छ कामाची माणसं फार पाहिली नाहीत. आपल्या एका खोलीच्या शाळेत पाटीवरचं अक्षर पुसताना बाई म्हणायच्या, कडेपर्यंत पुसा. मावशी सगळंच कडेपर्यंत पुसते. मला मात्र म्हणते, "लेलंड, तुझी प्रार्थना आणि तुझी मोजणी एकाच संथ चालीची. देव आणि हरीण दोघंही वाट बघून निघून जातात."

क्लबने शेडला जोडून काडतुसं भरायची नवी खोली बांधली आहे. तिला मावशीचं नाव द्यावं असा ठराव शुक्रवारच्या सभेत येणार आहे. ऑरिन हेगलँडचा विरोध आहे. तो म्हणतो, जिच्या डब्यातल्या काडतुसाने डुएन आम्डालची रायफल फुटली आणि त्याचा डोळा गेला, तिचं नाव त्या खोलीला कसं द्यायचं? मी क्लबचा चिटणीस. जे ठरेल ते मलाच वहीत लिहायचं आहे.

एक कॅलिबर सांगायचं राहिलं. इथे सगळ्यात जास्त तेच भरलं जातं, आजोबांच्या काळापासून. तुझ्या लक्षात आलंच असेल. पण आज मला लिहवत नाही.

*

रविवार, १३ ऑक्टोबर

पत्र टाकलं नव्हतं. पुढे लिहितो.

थर्टी-ऑट-सिक्स. तुझी रायफल त्याच कॅलिबरची होती.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात तू म्हणालास, उद्या डोंगरावर जायचंय, मावशीकडून वीस काडतुसं आण. मी तिच्याकडे गेलो. ती बिलिंग्जला बहिणीकडे गेली होती. किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं, भरायला तिनेच शिकवलं होतं, आणि तुला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नव्हतं. आदल्या दिवशी त्याच टेबलावर मी माझी अडतीसची काडतुसं भरली होती आणि दारू मोजायच्या यंत्राची नळी रिकामी न करताच उठलो होतो. पिस्तुलाची दारू भसकन पेटते, रायफलची सावकाश. उरलेल्या पिस्तुलाच्या दारूवर मी रायफलची दारू ओतली. दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी होते. मी पाहिलं नाही. सगळी घाई होती, आणि थोडा गर्वही होता. वीस काडतुसं भरली, फळीवरच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा तुला दिला. त्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती. काडतुसं तिनेच भरलीत असं तुला वाटलं. मी नाही म्हटलं नाही, कारण तिची आहेत म्हटलं तर तू बिनधास्त वापरणार होतास.

तिसऱ्या काडतुसाला रायफल फुटली.

मावशी परत आली, तिने नळीच्या काचेत दोन रंगांचे कण बघितले आणि माझ्याकडे बघितलं. इस्पितळाच्या पडवीत बाबा ओरडत होते, ज्याने कोणी भरलं त्याचं तोंड मला घरात दिसता कामा नये. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझ्या टेबलावरून निघालं ते माझं." एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि सगळ्यांनी हवं ते ऐकलं. मीही.

मग तू ऑरेगनला गेलास. तिच्याशी परत बोलला नाहीस, आणि तिच्याकडे येणं-जाणं ठेवलं म्हणून आमच्याशीही नाही. आईच्या अंत्यविधीला मावशी मागच्या बाकावर बसली आणि तू बाहेर उभा राहिलास. मी दोघांमध्ये फेऱ्या मारल्या. दर रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून पापाची कबुली देतात. आम्ही चुकलो, म्हणतात. त्या आम्हीमध्ये मी बावीस वर्षं आरामात लपून बसलो होतो.

परवा सभेला तीसेक माणसं होती. ऑरिन उठला. "व्हर्नावर माझा राग नाही. शेजारीण आहे, तिच्या हातचा केक खातो. पण नव्या माणसांना आपण सांगणार काय? आधी दारावरचं नाव वाचा, मग सावध राहायला शिका?"

मावशी दुसऱ्या रांगेत कॉफी पीत होती. "ऑरिन बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "ठराव मागे घ्या. तिकडे चुलीवर सूप आटतंय."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "लिही लेलंड, त्या अपघातामुळे ठराव मागे घेतला."

मी 'त्या' लिहिलं. 'अपघातामुळे' लिहायला हात उचलेना. पेन खाली ठेवलं आणि उभा राहिलो.

"बस खाली," मावशी म्हणाली. हळू नाही, चांगलं खणखणीत. "लेलंड, बस."

पण मी सगळं सांगितलं. वर तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने. नळी, दोन डबे, तिची चिठ्ठी. ऑरिनचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे बावीस वर्षं मी या बाईच्या केकला नाक मुरडत होतो, ते तुझ्यापायी?"

"नाक मुरडून दोन-दोन तुकडे खायचास," मावशी म्हणाली. तेव्हा कोणीतरी हसलं आणि लोकांनी श्वास सोडला. माझ्याकडे मात्र कोणी बघेना, आणि ते योग्यच होतं. नावाच्या ठरावावर मतं घेतली तेव्हा बाजूने पहिला हात ऑरिनचा वर गेला.

तिला घरी सोडताना मी विचारलं, का गप्प राहिलीस इतकी वर्षं? ती गाडीच्या काचेबाहेर बघत होती. "तुझी आई एक मुलगा एका डोळ्याने आंधळा होऊन घर सोडताना बघत होती. तुझ्या बापाने दुसराही हाकलला असता. मला पोटचं मूल नाही, लेलंड, माझं काय जाणार होतं? नाव जाणार होतं. नावाला भूक लागत नाही." मग माझ्याकडे वळून, "पण डुएनची रोज आठवण यायची हो. तसं होईल हे मला आधी कळलं नव्हतं."

मी म्हटलं, त्याला लिहितो. ती म्हणाली, "लिही. पण फार सुबक लिहू नकोस. तुला ती सवय आहे."

प्रयत्न केला आहे. जमलं नसेल.

मला माफ कर असं लिहिणार होतो. आज चर्चमध्ये बसून विचार केला आणि ठरवलं की ते लिहायचं नाही. ते मागितलं तर तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. माझ्याशी बोललास, न बोललास, तुझी मर्जी. पण तिचा फोन नंबर तोच आहे. सकाळी सहानंतर ती उठलेली असते.

काल सभेची वही पूर्ण केली. ठरावाखाली लिहिलं, की ऑक्टोबर १९९७ मध्ये डुएन आम्डाल याची रायफल ज्यांनी फुटली ती काडतुसं व्हर्ना टॉस्टरूड हिने नव्हे, लेलंड आम्डाल याने भरली होती. अध्यक्षांना वाचून दाखवलं. खाली पूर्ण नावाने सही केली आहे.

ती वीस काडतुसं भरणारा,
तुझा धाकटा भाऊ,
लेलंड