साखर टाकूनही सुटलं नाही

१२ मे
उरणच्या मावशीने फणसाच्या आठळ्या पाठवल्या. आई कुरकुरली, "खायाची वस्तू, आन् तू लॅबमदी नेऊन कुटतंस." त्यातलं लेक्टिन हवंय, साखर दिसली की धरून ठेवणारं प्रथिन.

१९ मे
जमलं! मेदाचे सूक्ष्म फुगे, अंगावर साखर जोडलेले. लेक्टिन टाकताच नळी दुधाळ, मग कण, मग तळाशी गाळ. लेक्टिनचा एकेक रेणू दोन-दोन फुगे धरतो म्हणून. गाईड मॅडम चक्क हसल्या. "पेपर होईल गं हा." माझ्यासोबत पीएचडी करणाऱ्या अमेयने लॅबमध्ये वडापाव वाटले.

२३ मे
आज त्या गाळात सुटी साखर ओतली. लेक्टिनने आता ती धरून फुगे सोडायला हवेत, गाळ विरायला हवा. नाही विरला. पुन्हा केलं, तेच. शेवटी लेक्टिन ज्या बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या पाण्यात, विरघळवलंय, नुसता तो नव्या फुग्यांत टाकला. तरी गाळ.
म्हणजे लेक्टिनचं काम नव्हेच हे. बफरमधल्या क्षाराचं असणार.

२४ मे
मॅडमना दाखवलं. वही मिटून म्हणाल्या, "हे दोन प्रयोग पेपरात घेऊच नकोस."
"पण मॅडम, मग निष्कर्षच चुकीचा."
"तुझं शेवटचं वर्ष आहे. तुझ्या भल्याचं सांगतेय."
माझ्या भल्याचं.

३० मे
बफर बदलून करून बघते म्हटलं. फुग्यांसाठी लागणारा मेद, लिपिड, मागितलं तर ते अमेयला दिलेलं. पीएचडी लागल्यापासून आम्ही एका डब्यात जेवतो. विचारलं, तुला पटतं हे? खाली बघत म्हणाला, "मला थीसिस द्यायचाय गं. कोण तपासतंय एवढं."
आज वेगळी जेवले.

७ जून
पेपरचा मसुदा आला. पहिलं नाव अमेयचं, दुसरं माझं. गाळाचा फोटो मी काढलेला. सुट्या साखरेबद्दल अवाक्षर नाही. मी फक्त 'ओके' कळवायचं.

८ जून
आईला सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, "मंग हो म्हन आन् मोकली हो. आमाला काय कलतंय त्यातला." चिडून नाही, थकून म्हणाली. तेच जास्त लागलं. पनवेलभर सांगून बसलीय, पोरगी डॉक्टर होणार.

१० जून
मॅडमचा मेसेज, आज उत्तर हवं. नाव काढा म्हटलं तर माझा थीसिस अडकेल. त्या तसं बोलल्या नाहीत. बोलणारही नाहीत.
खारघरच्या स्टॉपवर दोन बस सोडल्या. मग लिहिलं, "ते दोन्ही प्रयोग घालणार असाल तरच माझं नाव ठेवा."
पाठवलं. त्यांनी वाचलंय.
उद्या लॅब उघडायची पाळी माझी.