वासराची मान

४ नोव्हेंबर
आज 'वासरू' माझ्याकडे आलं! शब्दकोशाच्या कचेरीत लागल्यापासून दुसऱ्यांच्याच नोंदी तपासत होते. ही पहिली माझी. संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी गोठा आहे ना? मग घ्या." टोमणा होता की कौतुक? दिवसभर ठरवता आलं नाही.

अर्थ सोपा वाटला — गायीचं पिल्लू. मग अडले. कधीपर्यंत पिल्लू? पुढे त्याची कालवड होते, नाहीतर गोऱ्हा. पण नेमकं कधी?

५ नोव्हेंबर
मूळ सापडलं — संस्कृत 'वत्सरूप'. त्यातला 'वत्स' 'वत्सर'शी, म्हणजे वर्षाशी जोडतात. वर्षाच्या आतलं जनावर. वात्सल्यही इथूनच! माणसाच्या मायेला नाव मिळालं ते गोठ्यात.

बाईंना धावत जाऊन सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "फार छान वाटलं ना? मग आधी संशय घ्या. पुरावा कुठाय?" पुरावा दाखवला. "बरं. आणि 'रूप' कशाला जोडलं?" मी पुन्हा कागद चाळू लागले. "लाडाने असेल. शोधा."

८ नोव्हेंबर
आईला फोन. वासरू कसं आहे? "मजेत. तू उमेदवारी संपेपर्यंत तिकडेच लक्ष दे बाई." महिनाअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरणार. मध्ये रजा घेतली की गेलीच नोकरी. हे मला ठाऊक आहे. मग आई दर वेळी का सांगते? रविवारीही येऊ नकोस म्हणे — प्रवासाने दमशील!

भावाने फोटो पाठवला. खुंट्याशी वासरू, मान डावीकडे. मागच्या सुट्टीत गाय विताना अडली, तेव्हा मी स्वतः ओढून बाहेर काढलेलं. गळ्यातली लाल दोरीही माझीच.

१० नोव्हेंबर
आजचा फोटो. मान डावीकडे.

११ नोव्हेंबर
भावाला म्हटलं, फोन जरा वासराच्या कानाशी धर. "झोपलंय." संध्याकाळी? ऐन दूध प्यायच्या वेळी? "ताई, तू काय पोलिसात लागलीस का?" स्वतःच हसला. मागून आई-बाबा कुणीच हसलं नाही.

विकलं असणार. बाबांनीच. आणि फोटो जुने.

पण नाही — आजच्या फोटोत मागे कपड्यांच्या दोरीवर माझी जुनी ओढणी वाळतेय, काल ती नव्हती. फोटो नवा आहे. मान तीच.

१४ नोव्हेंबर
बाईंनी नोंद परत केली. उदाहरणात मी लिहिलं होतं, 'वासरू गोठ्यात उभे आहे.' म्हणाल्या, "यात काही घडतच नाही. नुसतं उभंच आहे तुमचं वासरू!" सगळे हसले. मी टेबलाखाली फोन काढून सगळे फोटो पुन्हा पाहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार
न सांगता गेले. पहिलीच बस पकडली.

आई अंगणात गायीची धार काढत होती. मला पाहून तिच्या हातातली चरवी लवंडायची राहिली. "तू? नोकरी सोडून आलीस?" हा पहिला प्रश्न! वासरू कुठाय, मी विचारलं. गोठ्याचं दार मीच ओढलं. दाराआड होतं. कातडं, आत पेंढा, पायांना काठ्या. मान डावीकडे. गळ्यात लाल दोरी.

सुट्टी संपवून मी गेले त्याच आठवड्यात हगवण लागून मेलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढे वासरू नसलं की गाय पान्हा चोरते. आटली असती. म्हणून केलं." आई म्हणाली, "मागे ही गाय आजारी पडली तर तू परीक्षा टाकून आली होतीस. सांगणार कशी तुला?" भाऊ नुसताच दोरीशी चाळा करत बसला.

खूप रडले. वासरासाठी, त्याहून गायीसाठी. बिचारी रोज पेंढा चाटते! किती फसवायचं एखाद्या मुक्या जिवाला. बाबांना तसं बोललेही. ते उठून गोठ्याचं दार लावून आले. संध्याकाळच्या बसने परत.

१७ नोव्हेंबर
काल मी पोचले तेव्हा चरवी भरत आली होती. आणि वासरू दाराआड होतं. गायीच्या पुढे काहीच नव्हतं.

तिला ते लागतच नव्हतं. बाबांनी पेंढा भरला तो माझ्यासाठी.

आज फोटो आला नाही.