रुपेशच्या खाऱ्या काचपेटीची निरवानिरव

मी, खंडू जानकू भालेराव, वय ६७, राहणार कळंब, तालुका आंबेगाव, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला वायरमन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे.

१. स्वकष्टाचे दोन खोल्यांचे घर व पोस्टातील शिल्लक पत्नी कोंडाबाई हिला. तिच्या पश्चात मुलगी प्रज्ञा हिला.

२. पक्कड, टेस्टर व शिडी भाऊ सोमाजी यास. माझ्या मुलाला, रुपेशला, स्मशानात पोचवून परतताना, त्याच्या काचपेटीत आता कोंबड्या ठेव, असे तो म्हणाला होता. ते मी विसरलेलो नाही. तरी हत्यारे त्यालाच द्यावीत. दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नाहीत.

३. काचपेटीविषयी. मुलगा रुपेश पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. २००३ साली त्याने चार फुटी पेटी घरी आणली, मीठ घालून समुद्रासारखे पाणी केले आणि जिवंत प्रवाळांचे दगड मांडले. फांद्यांच्या हिरव्या प्रवाळात त्याचा जीव होता. शेजारी कुत्र्याच्या छत्रीसारखे चपटे, मऊ जीव वाढत. त्यांना तो मशरूम म्हणे. ते हिरव्याला झाकू लागले. रुपेश रविवारीच घरी येई, म्हणून त्याने मला फोनवर ते दुसऱ्या दगडावर हलवायला सांगितले, कसे तेही सांगितले. मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. माशांची चाकरी करायला मी तीस वर्षे खांबावर चढलो का, असे म्हणून पुट्टीच्या पत्र्याने ते खरडून काढले.

२००५ च्या दिवाळीपर्यंत दगडावर राहिलेल्या प्रत्येक चिंधीतून नवा मशरूम उगवला. दिवाळीनंतरच्या रविवारी रुपेश पेटीपुढे बसला.

"आबा, फाडायचं नसतं. खालच्या दगडाच्या कपचीसकट उचलायचं व्हतं," एवढेच बोलला.

मी चुकलो म्हणालो नाही. बुधवारी पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली.

तेव्हापासून त्याने सांगितले तसेच करतो. पंप बंद करून छिन्नीने कपची काढतो, खडे घातलेल्या वाटीत ठेवतो, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधतो. तीनेक आठवड्यांत मशरूम खड्याला धरतो. असे चाळीस हलवून टबात ठेवले होते. गेल्या उन्हाळ्यात भारनियमनात इन्व्हर्टरही बसला आणि सगळे एका दिवसात विरघळले. हिरवे प्रवाळ त्याआधीच मेले. त्याच्या पांढऱ्या सांगाड्यावरही आता मशरूमच आहेत.

४. रुपेशच्या दुकानाने पेटी नाकारली. प्रज्ञा म्हणाली, "आबा, माझ्या घरात खाट टाकायला जागा नाय." तिचे खरे आहे. तिच्यावर हा बोजा टाकत नाही.

५. पेटी कोंडाबाईने सांभाळावी असे लिहिणार होतो. म्हणून तिला विचारले. ती परातीतले पीठ मळत राहिली, मग म्हणाली, "तीन वर्सं त्या पेटीकडं पाठ करून भाकरी थापली मी. आता नगं."

एका घरात राहून मला हे कळले नव्हते.

म्हणून मी गेल्यावर, माझा जलदान विधी झाला की, पंप बंद करून पेटी रिकामी करण्याचा पूर्ण अधिकार कोंडाबाईला देतो. पाणी कुणाच्या शेतात ओतू नये, मिठाने जमीन जाईल. तिला कोणी कारण विचारू नये.

सही: खंडू जानकू भालेराव

वरील मजकूर स्वतः वाचून दाखवून खंडूभाऊंनी आम्हा दोघांदेखत सही केली.

साक्षीदार:
१. भगवंत साळवे, निरगुडसर (सही)
२. भिमाजी थोरात, कळंब (सही)

ठिकाण: कळंब
दिनांक: ९ नोव्हेंबर २००८