काकांचा गिंको

बुधवार, संध्याकाळ

बदनापूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून दमून आले, तर काका कुंडी घेऊन दारातच. "तुझ्या काकूला विसर पडून राह्यलाय, म्हणून ऑनलाइन गिंको मागवला. या झाडानं याद वाढते म्हणतात. बराबर आहे ना, मॅडम?"

पान उजेडात धरलं. गिंकोच्या शिरा दोन-दोन फाटे फोडत कडेपर्यंत जातात. या शिरा देठापासून कमानीसारख्या निघालेल्या. म्हणजे आपटाच. आणि खरा गिंको असता, तरी रोपानं स्मरण परत येतं का? पण काकांना हे सांगायचं कसं?

तेवढ्यात काकू आली. तिनं एक पान खुडून काकांच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या."

दसरा अजून कितीतरी लांब आहे.

"बघ, गुण आला जल्दी!" काकांचे डोळे भरले होते.

मी कुंडीला पाणी घातलं.