वैष्णवी कोणाशी बोलते

२ डिसें., मंगळ.
वैष्णवी पुन्हा गच्चीवर. कपडे काढायला म्हणून गेली, पाऊण तास. फोन कानाला. मराठी नाही, हिंदी नाही. मध्येच 'रा', 'रा' असं दरडावणं. मी जिन्यात उभी राहिले तशी गप्प. कोण होतं? "कोणी नाही मावशी, डायलॉग पाठ करून राह्यली." कपडे दोरीवरच.
बहिणीने सोनाळ्याहून विश्वासाने माझ्याकडे ठेवली आहे. बी.कॉम. होईपर्यंत ठीक होतं. इथे मलकापुरात कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात लागली आणि फोन खाली ठेवेना.

४ डिसें., गुरु.
चौकशी केली. कोणी एक तेलुगू पिक्चरचा मिशाळ हिरो. चार वर्षं त्याच्या मागे आहे. हिंदीत डब केलेला चालत नाही, "तो आवाज त्याचा नाही." म्हणून मूळ भाषेत, एकेक पिक्चर दहादा. लिपीसुद्धा येते. जिलेबीसारखी अक्षरं काढून दाखवली. हीच मुलगी मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळायची.
एवढे कष्ट हिरोसाठी? पटत नाही. भाषा माणसासाठी शिकतात.

९ डिसें., मंगळ.
जिनिंगचे शेठ बाजारात भेटले. गाठी न्यायला गुंटूरचा ट्रक आलेला, ड्रायव्हरचं हमालांना कळेना, हातघाईवर आलं. वै. टेबलावरून उठली आणि दोन मिनिटांत मिटवलं म्हणे. "बाई, तुमची भाची म्हणजे खजिना हाय." आता तिकडच्या सूतगिरणीचे फोन तीच घेते.
घरी एक शब्द नाही. का?

१३ डिसें., शनि.
गच्चीवरून स्पष्ट ऐकू आलं: अंडी. सात-आठ वेळा तरी. या घरात अंडं येत नाही. तिची पिशवी पाहिली, तव्याचा वास घेतला. काही नाही. बाहेर खात असणार. पण अंड्यांबद्दल इतक्या नम्रपणे कोण बोलतं?

१४ डिसें., रवि.
सरळ विचारलं. हसून हसून खाली बसली. "मावशी, अंडी नाही वं. ते तिकडचं 'अहो' हाय." मोठ्या माणसाशी बोलायचं तर क्रियापदाच्या शेवटी 'अंडी' येतं म्हणे. आणि ते 'रा'? मान खाली.
'रा' म्हणजे आपलं 'बे'. हिरो पिक्चरभर सगळ्यांना तसंच बोलतो. म्हणून हिने गिरणीचे मॅनेजर, कोणी राव, त्यांना पहिल्याच फोनवर 'बे' केलं. पन्नाशीचे गृहस्थ. ते हसले आणि फोन आपल्या आईकडे दिला: हिला माणसात आण. तेव्हापासून ती म्हातारी रोज हिच्याकडून बोलून घेते. गच्चीवर ती असते. असं ही सांगते.
पुण्याला बी.एड.ला मी 'मले' म्हणाले तेव्हा वर्ग हसला होता. रेडिओवर बातम्या देणाऱ्या एका बाईंची मी भक्त. आरशासमोर त्यांच्यासारखं बोलून बोलून जीभ सरळ केली. त्यावर नोकरी मिळाली. आई म्हणायची, "तू तं पाहुण्यावाणी बोलतं." पण मला कोणी रोज फोन करून सुधारलं नाही. या म्हातारीला एवढी कळकळ कशाची?

१९ डिसें., शुक्र.
कारण कळलं. राव हिला गुंटूरला बोलावतात. आपल्याकडच्या रुईच्या खरेदीसाठी दोन्ही भाषा येणारं माणूस हवं. राहायला त्यांच्याच घरी, म्हातारीच्या शेजारची खोली. जानेवारीपासून. पोरीच्या मनाने हो म्हटलेलंच आहे, नुसतं माझ्या तोंडाकडे बघते.
सोनाळ्याहून तिच्या वडिलांचा फोन: "ताई, तुमी म्हनसान तसं."
म्हणजे ओझं माझ्यावर.

२१ डिसें., रवि.
रावांशी बोलले, इंग्रजीत. तीनदा 'नो प्रॉब्लेम, मॅडम'. ज्याला काहीच अडचण नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नेमणुकीचं पत्र मागितलं. तासाभरात आलं. इतक्या लवकर?
मग व्हिडिओवर म्हातारी. तेलुगूशिवाय काही येत नाही, म्हणून वै. मध्ये दुभाषी. मी विचारलं, घरात पुरुष किती, पोर आजारी पडली तर कोण बघेल. वै. लांबच लांब बोलली. म्हातारी त्याहून लांब बोलली, पदराने डोळे टिपले. वै. माझ्याकडे वळून: "सगळं ठीक हाय म्हणते."
एवढ्या बोलण्याचं एवढंच?
"बाकीचं असंच वं, घरचं."
मी विचारलं ते तरी तसंच पोचलं का...

२३ डिसें., मंगळ.
उद्या तिच्या वडिलांना उत्तर द्यायचं आहे. वै.ला सांगितलं, सकाळी म्हातारीला व्हिडिओवर फोन लावून दे आणि तू दुसऱ्या खोलीत बस. मी विचारीन. हातातला फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "विचार."
'हिला पोटच्या पोरीसारखी ठेवाल का' हे तेलुगूत तिच्याकडून लिहून घेतलं, देवनागरीत. माझा उच्चार चारदा खोडला. मला, जिने चौतीस वर्षं मुलांचे उच्चार खोडले. उत्तर कळायचं नाही, पण तोंड तर दिसेल.
वाक्य पाठ झालं. त्याचा अर्थ तोच आहे का, हे विचारायला घरात दुसरं कोणी नाही.